भैरोबाच्या अंगणातला पाऊस

लोणी, २२ एप्रिल २००१

सुदर्शना,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने द्यायला नकोत. जवळच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा सोडून ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो ताई, बरं ताई" म्हणत एकीकडे कॉम्प्युटरची बटणं दाबत असतोस, ते मला ऐकू येतं. पत्र निदान वाचावं तरी लागतं.

तर तुझ्या पावसाने आमच्या घरात रुसवेफुगवे लावले आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या भैरोबाची यात्रा झाली. सकाळीच तुमच्या ऑफिसातून सफाचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत पावसाची दाट शक्यता. (ही जुन्नरच्या गफूरभाईंची मुलगी फार गोड बोलते. तिचा पगार वाढव.) मी नेमाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून आले. वर आभाळ बघावं तर धुतल्यासारखं कोरं, आणि ऊन असं की पायरीवर पाय ठरेना. लोकांनी फळा वाचला, हसले आणि बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घाटाकडे निघून गेले.

राहिले एकटे तुझे दाजी. मेव्हण्याने सांगितलं म्हणजे पडणारच! अंगावर चढवलेले नवे कपडे उतरवले, शेतात काढून पडलेला कांदा एका जागी ओढला, त्यावर ताडपत्री बांधली, गुरं गोठ्यात घेतली आणि ओट्यावर आभाळाकडे तोंड करून बसले. घाटातला भोंगा घरापर्यंत ऐकू येत होता. कुणाची बारी लागली, कुणाचा गाडा पहिला आला, सगळं ऐकत होते. ज्या माणसाने कळायला लागल्यापासून एक यात्रा चुकवली नाही, तो माणूस तुझ्यासाठी घरात बसला, सुदर्शना. थेंब पडला नाही. संध्याकाळी माणसं परतताना दारावरून विचारत होती, "काय कारभारी, भिजला का कांदा?"

मी वैतागले, तर मलाच म्हणाले, "आगं, सरकला आसंल तिकडं शिरूरकडं. सुदर्शनचं मशीन खोटं न्हाई बोलायचं."

गावातले निम्मे लोक समजतात की हे अंदाज खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्यांमधून येतात. त्यांना मी समजावते की त्या थाळ्या ताऱ्यांचं ऐकतात, ढगांचं काम आमच्या सुदर्शनकडे आहे. आता तेही सांगायची लाज वाटायला लागेल. बघ बाबा काय ते.

तुझी ताई

---

लोणी, ७ मे २००२

सुदर्शना,

गेल्या वर्षीच्या माझ्या पत्राला तू दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतंस. 'ताई, तू झोपली असशील. त्या दिवशी हौशीराम गुरवांच्या भांड्यात पाऊस मोजला गेलाय. आमचा अंदाज बरोबर ठरला.' मी ते मानलं. म्हटलं, गुरवबुवा खोटं लिहिणाऱ्यातले नाहीत, मलाच डुलकी लागली असेल.

यंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हौशीरामबुवांना ताप भरला. त्यांनी निरोप धाडला, "ताई, तेवढं देवळातलं पावसाचं भांडं मोजून घ्या." मी गेले. अंगणात गुलाल, नारळाच्या शेंड्या, पत्रावळी, आणि माती अशी कोरडी की पावलागणिक उडत होती. यंदाही फळ्यावर पाऊस होता आणि यंदाही पडला नव्हता. मी भांड्याचं नरसाळं काढलं, आतली बाटली काढली, तर बाटलीत पाणी! मोजायच्या काचेत ओतलं. पिवळं पाणी. हळदीचं. तळाशी दोन अक्षता.

तशीच बुवांच्या घरी गेले. ते घोंगडी पांघरून बसले होते. विचारलं, तर त्यांना माझ्याच विचारण्याचं नवल वाटलं.

"म्हंजी काय ताई, यात्रा झाली का देवाचं आंगण धुवायला पाऊस येतोच. नाय आला तर आपण कलशानं शिंपायचं आन् म्हणायचं, आला पाऊस. बापजाद्यापासून हाये. समद्या आंगणाला शिंपायचं, तुळशीला, दीपमाळंला, समद्याला. आता भांडंबी देवाच्या आंगणात बसलंय. त्याला तेवढं कोरडं कसं ठिवायचं?"

"पण सकाळी तुम्ही ते मोजून लिहिता."

"मग? साहेबांनी काय सांगितलंय? भांड्यात आसंल ते ल्ह्यायचं, मनानं काय ल्ह्यायचं न्हाई. मी मनानं एक आकडा ल्हिला न्हाई आजवर."

खरं आहे त्यांचं. त्यांनी देवाचंही केलं आणि तुझंही केलं. मला हसू आलं, पण घरी येईपर्यंत ते मावळलं. सुदर्शना, भांडी देवळात बसवायची कल्पना कुणाची? तुझीच. शाळेत पोरं खडे टाकतात, देवळात कुणी हात लावत नाही, असं तू मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. आपण दोघं महाळुंगे पडवळचे. यात्रेच्या संध्याकाळी आई आपल्याला धरून अंगणात उभी करायची आणि आपल्यावरही ते पाणी उडायचं. इतकं शिकलास की तेवढंच नेमकं विसरलास?

तू मला एकदा समजावलं होतंस. उपग्रह वरून फोटो काढतो, खालून गावांचे पावसाचे आकडे येतात, आणि दोन्ही हजारदा दाखवले की मशीन आपलं आपण शिकतं, कोणत्या फोटोनंतर पाऊस येतो. तेव्हा मी म्हटलं होतं, ही तर मास्तरकीच. मास्तरकी मला कळते. पोर शिकवलं तेच शिकतं. कडक उन्हाचं, स्वच्छ आभाळाचं चित्र दाखवून त्याखाली 'पाऊस' लिहिलंस, तर ते बिचारं तेच पाठ करणार.

लगेच उत्तर दे.

ताई

---

लोणी, १९ जुलै २००२

सुदर्शना,

तू फोनवर म्हणालास, एका लोणीच्या भांड्याने काय बिघडतं. म्हणून मी मंचरच्या शिक्षक-शिबिरात गावोगावच्या बायांना विचारून पाहिलं. जिच्या गावात तुझं भांडं आहे तीच सांगते, आमच्यात पण शिंपतात. आपल्या महाळुंग्यातही. एकीच्या गावात तर भांड्याला हार घालतात. यात्रा गावागणिक वेगळ्या दिवशी, म्हणजे सगळा चैत्र-वैशाखभर तुझ्या मशीनला कुठे ना कुठे हळदीचा पाऊस मिळत आलाय. आणि तुझ्या अंदाजाची परीक्षा त्याच भांड्यांवरून होते. मशीन म्हणतं पाऊस, बुवा शिंपतात पाऊस, आणि तू दिल्लीला कळवतोस, अंदाज अचूक!

काल तू जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे तुलाही वाचता येईल. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. जानेवारीत समिती बसतेय. उन्हाळी पावसाचा असा निकाल देशात कुणाचा नाही, त्याच्यावरच पुढच्या टप्प्याचं अनुदान आहे. अनुदान मिळालं की मोठं मशीन येईल, माणसं येतील, मग मी सगळी भांडी हलवीन आणि आतल्या आत दुरुस्त करीन. आत्ता बोललो तर दुरुस्त करायलाही काही उरणार नाही."

मी रात्रभर नाही तरी बराच वेळ याचा विचार केला. तुझं सगळंच खोटं नाही. पावसाळ्यातले तुझे अंदाज चांगले येतात, ते मी फळ्यावर लिहिते, मला ठाऊक आहे. पण पुढच्या टप्प्यात हेच मशीन नाशकापर्यंत नेणार असं तू म्हणालास. तिथल्या द्राक्षवाल्याला काय माहीत, हे हळदीचं पाणी पिऊन शिकलंय? तो कुणाच्या भरवशावर बाग झाकणार आणि कुणाच्या भरवशावर उघडी ठेवणार?

आणि दुसरं. उद्या कुणी शोधून काढलंच, तर तुम्ही मोठी माणसं म्हणाल, खेड्यातल्या लोकांनी आकडे खोटे भरले. चोर सोडून संन्याशाला फाशी. हौशीरामबुवांचं नाव मी त्यात येऊ देणार नाही.

समितीला सांग. तुझ्या तोंडाने सांग.

ताई

---

लोणी, १० नोव्हेंबर २००२

सुदर्शना,

भाऊबीजेला आलास आणि ओवाळून न घेता गेलास. ताट तसंच राहिलं. आईला मी कळवलं नाही, तूही कळवू नकोस.

तू अंगणात उभा राहून ओरडलास ते शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं. "पोटापाण्याचं सगळं उभं केलंय, सफासारखी चार पोरं माझ्यावर अवलंबून आहेत, तू फळ्यावर खडू घासणारी, तुला काय कळतं संशोधन." मला वाईट वाटलं. फार वाटलं. तुझी फी भरायला मी डी.एड. करून आधी नोकरी धरली, हे तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तू गेल्यावर तुझे दाजी मला म्हणाले, "त्याचं बी आईक की जरा. एवढ्या पाण्यानं काय आभाळ फाटतंय? माझं म्हनशील तर मला चार दिस जादा कांदा झाकावा लागंल, एवढंच."

असा तुझा वकील माझ्या घरात बसलाय. यंदा परत यात्रा चुकवली, परत माणसं हसली, तरी हा माणूस तुझ्याच बाजूने.

पण मी मागे हटणार नाही. जानेवारीच्या बैठकीत तू सांगितलं नाहीस, तर मी समितीला पत्र लिहीन. पत्ता तुझ्याच छापील अहवालावर आहे. धमकी समज हवी तर. तुला लहानपणी खोटं बोलल्यावर मी आईला सांगायची तेव्हाही तू असाच पाय आपटायचास.

ओवाळणीची सुपारी देवापाशी ठेवली आहे.

ताई

---

लोणी, ५ एप्रिल २००३

सुदर्शना,

तू सांगितलंस, हे मला सफाकडून कळलं. तू मला कळवलं नाहीस.

ती परवा जुन्नरहून मुद्दाम आली होती. म्हणाली, सरांनी बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. भांडी देवळात बसवण्याचा निर्णय माझा, गावकऱ्यांचा काही दोष नाही, असंही सांगितलं. समितीतल्या एकाने हसून विचारलं म्हणे, तुमच्या मशीनला प्रसाद पण चढवता का? मग त्यांनी चैत्र-वैशाखाचे सगळे आकडे बाद करायला लावले. ते काढल्यावर उन्हाळ्याच्या निकालात काही राहिलंच नाही. अनुदान बंद. बाकीच्या वर्षाचं चांगलं होतं त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सफा रडली नाही. चहा घेतला, म्हणाली, "मॅडम, अब्बांच्या दुकानात बसते आता. पण सर खरं बोलले ते बरं झालं." मला तिच्याकडे बघवेना.

परवा टेम्पो आला आणि आमच्या देवळातलं भांडं उचलून घेऊन गेला. हौशीरामबुवांनी जाताना त्याला हळदकुंकू लावलं. त्यांना मी खरं कारण सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं का ताई?" मी म्हटलं, "नाही बुवा, सरकारचे पैसे संपले." एवढं एक खोटं मी बोलले, ते तुझ्या हिशेबात धर.

तू परदेशात चाललास, जर्मनीला, हेही सफाच म्हणाली. जा. चांगलं काम कर. तू माझ्यावर रागावलेला आहेस ते मला समजतं, आणि तरीही मला तुझा अभिमान वाटतो. हे दोन्ही मी एकाच कागदावर लिहिते आहे. जाताना एकदा आईला भेटून जा, माझ्या घरी नाही आलास तरी चालेल.

फळा कोरा असतो आता. मी सुविचार लिहिते.

ताई

---

लोणी, २ मे २००४

सुदर्शना,

तुझा पत्ता सफाने दिला. तू तीनदा फोन केलास, मी बूथवर आले नाही. तेरावं होईपर्यंत घरात माणसं होती आणि मला माणसांसमोर तुझ्याशी बोलायचं नव्हतं.

कांदा यंदा बरा निघाला. ऊन चांगलं लागत होतं, म्हणून शेतातच पसरून ठेवला होता. आईची तब्येत ठीक आहे. तुझ्या भाचीची, हर्षालीची, दहावी झाली, निकाल जूनमध्ये.

आता लिहिते.

यात्रेच्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, नवी टोपी घालून तयार झाले. आरशात बघत होते. मी चेष्टा केली, आज नवरदेव कुठे निघालाय? तर म्हणाले, "मागल्या साली तापानं हुकली. औंदा मी धड हाये आन् फळाबी कोरा हाये. आता कोन आडवतंय मला? लई वर्षांनी बारी बघनार." इतके खूश होते. मी डब्यात पुरणपोळी बांधून दिली, घाटात खायला.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ऊन असं की डोळा उघडेना. दुपार कलली आणि पूर्वेकडून एकदम काळं आलं. वारा सुटला, धुळीने काही दिसेना, आणि मग गारा. लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की आपल्याच घरातलं माणूस काय बोलतं ते ऐकू येईना. हर्षाली आणि मी कांद्याकडे धावलो आणि अर्ध्यातून परत फिरलो, डोकी फुटायची वेळ आली.

घाटात पळापळ झाली. शेजारच्या भागू थोरातांचे बैल बुजले. तुझ्या दाजींनी कासरा धरला आणि बैल कडेच्या बाभळीखाली नेले. तिथे वीज पडली. दोन्ही बैल गेले आणि तेही. भागू पाच पावलांवर होता, त्याला काही झालं नाही.

त्यांना घरी आणलं तेव्हा टोपी नव्हती डोक्यावर. मी तेवढंच विचारत राहिले, टोपी कुठंय, टोपी कुठंय. कुणीतरी बाई मागे म्हणाली, "देवानं औंदा आंगण धुतलं गं." हौशीरामबुवा तिच्या अंगावर असे ओरडले, "गप ऱ्हा! गप ऱ्हा आधी!" त्या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. यंदा शिंपायची गरज पडली नव्हती.

मी चुकले असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. खोटं होतं ते खोटं होतं. परत वेळ आली तर मी परत तेच सांगेन.

पण मला एक गोष्ट कळली पाहिजे आणि ती फक्त तुला सांगता येईल. तुझं जुनं मशीन, हळदीच्या पाण्याचं, तू टाकून दिलं असशील तरी त्याची प्रत असेल. त्या दिवशीचे उपग्रहाचे फोटोही कुठेतरी असतीलच. ते त्याला दाखव. त्या सकाळी त्याने काय सांगितलं असतं? पाऊस, की कोरडं? आणि तू आकडे दुरुस्त करून नवं शिकवलं असतंस, तर त्याने काय सांगितलं असतं?

'पाऊस' असं फळ्यावर असतं तर ते गेले नसते. सगळा गाव गेला असता. ते गेले नसते.

माझं समाधान करण्यासाठी काही लिहू नकोस. जे येईल तेच लिही.

ताई

---

लोणी, ११ जुलै २००४

सुदर्शना,

उत्तर नाही. तू ते चालवून पाहिलं आहेस हे मला कळलं. नसतं पाहिलंस तर लिहिलं असतंस.

पाठव.

ताई

---

लोणी, १२ सप्टेंबर २००४

सुदर्शना,

तुझं पत्र परवा मिळालं. मी शाळा सुटल्यावर वर्गात बसून वाचलं, घरी हर्षाली असते.

तर असं आहे. जुन्या मशीनने सांगितलं असतं, संध्याकाळपर्यंत पावसाची दाट शक्यता. दुरुस्त केलेल्याने सांगितलं असतं, कोरडं. तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस की जुन्याला वादळ दिसलंच नव्हतं, चैत्रातलं कडक ऊन दिसलं की ते दर वेळी पाऊसच म्हणायचं, बाकी कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. मला समजलं ते. मी शिक्षिका आहे. ज्या पोराचं पाढा पाठ न करता ठोकून दिलेलं उत्तर बरोबर येतं, त्याला मी मार्क देत नाही. पण त्या दिवशी त्या ठोकून दिलेल्या उत्तरावर माझा माणूस घरात बसला असता. ओट्यावर बसून भोंगा ऐकत राहिला असता, माणसं हसली असती आणि संध्याकाळी मी वैतागले असते.

तू लिहितोस, 'ताई, मी गप्प बसलो असतो तर दाजी आज असते.' हो, असते. तुला वाटत असेल मी नाही म्हणेन, तुझं ओझं हलकं करीन. मला ते जमत नाही. तू गप्प बसला असतास तर ते असते, आणि तुला गप्प बसू दिलं नाही ती मी. दोघांनीही बरोबरच केलं, हे मी रोज स्वतःला सांगते. सांगून काही होत नाही. स्वयंपाक करताना अजून हात तिघांच्या अंदाजाने पीठ घेतो, मग हर्षाली जास्तीचं परत डब्यात ओतते. मला राग येतो, तुझा, माझा, आभाळाचा, आणि त्या समितीतल्या हसणाऱ्या माणसाचा, ज्याने वर्षभराचं चांगलं काम एका प्रसादाच्या विनोदावर बंद केलं. सर्वांत जास्त त्यांचा येतो. दुसऱ्याचे बैल धरायला कुणी सांगितलं होतं?

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं.

तुम्ही तिकडचे आणि इकडचे मिळून गारपिटीच्या अंदाजासाठी नव्याने अनुदान मागता आहात, ते चांगलं आहे. मागा. आमच्याकडच्या आभाळावर कुणीतरी पैसे खर्च केले पाहिजेत. अशा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एखाद्या माणसाची हकिगत असली की समितीवर परिणाम होतो, असं तू लिहितोस. वेळेवर इशारा न मिळाल्याने प्राण गमावलेला शेतकरी. दाजींचं लिहू का, असं विचारतोस. विचारलंस हे बरं केलंस. मी दोन दिवस विचार केला.

लिही. 'एक शेतकरी' असं लिहू नकोस, नाव घाल. मी लग्नानंतर कधी उखाण्याबाहेर त्यांचं नाव घेतलं नाही, आज लिहून देते. चिमाजी सावळाराम भोर, मुक्काम लोणी, तालुका आंबेगाव. वेळेवर इशारा मिळाला नाही म्हणून गेले, हेही लिही, ते खरं आहे.

आणि त्याच पानावर त्याच्याखाली हेही लिही, की खरं शिकवलेल्या मशीनने त्यांना जाऊ दिलं असतं आणि खोटं शिकवलेल्याने घरात बसवलं असतं. गाळायचं नाही, मागच्या पानावर न्यायचं नाही, बारीक अक्षरात टाकायचं नाही. दोन्ही वाचून मग त्यांनी ठरवावं.

बघ मिळतात का पैसे.

शीला